मॉडेल पाठवलं, मग ड्रॉइंग कशाला?

सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेनुसार कापणाऱ्या मशीनवर) पहिल्यांदाच पार्ट करून घेणाऱ्यांना हमखास एक सल्ला मिळतो. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे तेच: "थ्रीडी मॉडेल अचूक काढा. मग कुठलीही थ्रीडी फाइल चालते. ड्रॉइंग ही जुन्या काळची सवय आहे. स्क्रीनवर काढता येतं ते मशीनला कापता येतं. आटे मॉडेलमध्येच काढा. आणि धास्ती वाटत असेल तर सगळ्या मापांना ±०.०१ मिमी देऊन टाका."

मी कॅम प्रोग्रामिंग करतो, म्हणजे मॉडेलवरून मशीनच्या टूलचा मार्ग आखतो. या सल्ल्यानुसार बनलेल्या फाइली शेवटी माझ्यासारख्याच्याच टेबलावर येतात. पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. बाकीची एकेक करून बघू.

"कुठलीही थ्रीडी फाइल चालते"

बहुतेक वेळा ही "कुठलीही" फाइल एसटीएल असते. हा प्रकार १९८७ च्या सुमारास स्टिरिओलिथोग्राफीसाठी, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगच्या आद्य रूपासाठी तयार झाला आणि तिथे तो उत्तम चालतो. पण त्यात फक्त त्रिकोण असतात. ४० मिमी व्यासाचा बोअर (गोल भोक) ३६ तुकड्यांत मोडला, तर प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर पृष्ठभाग खऱ्या वर्तुळापासून ०.०७६ मिमी आत येतो. बेअरिंग बसवायचं असेल तर एवढ्यात खेळ खलास. त्रिकोण बारीक केले की चूक कमी होते, पण कॅममध्ये निवडायला ना अक्ष मिळतो ना व्यास. समोर नुसती जाळी. त्यातून एसटीएलमध्ये एककाची नोंदच नसते. ५० हा आकडा मिलिमीटरचा की इंचाचा, हे उघडणाऱ्यानं ओळखायचं, आणि चुकला तर पार्ट २५.४ पट.

स्टेप फाइल पाठवा. आयएसओ १०३०३ हे तिचं मानक १९९४ पासून आहे. तिच्यात सिलिंडर हा सिलिंडर म्हणूनच जातो आणि एककही सोबत जातं. पाठवण्याआधी तीच फाइल परत उघडून एक ओळखीचं माप मोजा. मिनिटभराचं काम आहे, तरी फार थोडे लोक करतात.

"ड्रॉइंग ही जुनी सवय"

या दाव्यात खरा अंश आहे, तो आधी मान्य करतो. स्टेपच्या एपी २४२ या प्रकारात टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) आणि नोंदी मॉडेललाच जोडून पाठवता येतात. तुमचं सॉफ्टवेअर त्या नीट लिहीत असेल आणि समोरच्याचं नीट वाचत असेल, तर कागद नसला तरी चालेल. पण हा सल्ला देणारे सहसा एपी २४२ बद्दल बोलत नसतात. नोंदीच नकोत, असं त्यांचं म्हणणं असतं.

आता २० मिमीचं भोक आणि त्यात बसणारा २० मिमीचा शाफ्ट घ्या. मॉडेलमध्ये दोन्ही बरोब्बर २०.०००. शाफ्ट भोकात सहज फिरायला हवा की ठोकून घट्ट बसायला हवा? एच७ (हे टॉलरन्सचं प्रमाणित नाव, पुढची जी६ आणि पी६ ही तशीच) भोकाला या मापात ० ते +०.०२१ मिमी इतकी मोकळीक असते. त्यात जी६ शाफ्ट (−०.००७ ते −०.०२०) फिरतो, पी६ शाफ्ट (+०.०२२ ते +०.०३५) दाबूनच बसवावा लागतो. मॉडेल दोन्ही वेळी हुबेहूब सारखंच दिसतं.

फिनिशचंही तेच. अॅल्युमिनियमवर ५० मायक्रॉनचं हार्ड अॅनोडायझिंग केलं (ऑक्साइडचा कडक थर चढवला), तर साधारण अर्धा थर मूळ पृष्ठभागाच्या बाहेर वाढतो. भोकाला दोन्ही बाजूंनी २५-२५ मायक्रॉन, म्हणजे व्यास ०.०५ मिमीनं कमी. एच७ ची सगळी मोकळीक यात दोनदा बुडाली. म्हणून माप अॅनोडायझिंगआधीचं की नंतरचं, हे लिहावंच लागतं.

त्यासाठी प्रत्येक रेषेला माप टाकलेलं जुनं ड्रॉइंग नकोच आहे. एक पान पुरतं: मटेरियल त्याच्या ग्रेडसह, सर्वसाधारण टॉलरन्स (आयएसओ २७६८-एम लिहिलं की ३० ते १२० मिमीच्या मापांना ±०.३ आपोआप लागू होतो), खरोखर महत्त्वाची चार-पाच मापं, ती कोणत्या पृष्ठभागापासून धरायची ते, आटे, फिनिश, आणि फाइलच्या नावात आहे तोच रिव्हिजन नंबर. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ड्रॉइंग बी आणि मॉडेल सी अशी जोडी आली की मी काम थांबवतो.

"स्क्रीनवर काढता येतं ते मशीनला कापता येतं"

एंड मिल (कापणारं टूल) गोल फिरतो, त्यामुळे पॉकेटच्या (पार्टमध्ये कोरलेल्या खळग्याच्या) आतल्या उभ्या कोपऱ्याला टूलच्या त्रिज्येपेक्षा लहान त्रिज्या मिळत नाही. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते १ मिमी त्रिज्येचा फिलेट (कोपऱ्याची गोलाई) देऊन मोकळे होतात. पॉकेट ४० मिमी खोल असेल तर त्या कोपऱ्यासाठी २ मिमीचं टूल ४० मिमी बाहेर काढावं लागतं, व्यासाच्या वीस पट. टूल बारीक होईल तसं त्याचं वाकणं व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतं. तेवढंच बाहेर काढलेल्या १० मिमी टूलच्या तुलनेत, तेवढ्याच बळाला, ते ६२५ पट वाकतं. कोपऱ्याला ६ मिमी त्रिज्या द्या, १० मिमीचं टूल आरामात जाईल. नेमकी ५ देऊ नका, कारण मग टूल कोपऱ्यात एकदम दोन्ही भिंतींना भिडतं, थरथरतं आणि त्याची खूण पृष्ठभागावर राहते. चौकोनी तुकडा बसवायचाच असेल तर कोपऱ्यात टूलच्या मापाची गोल खाच बाहेर काढा. तुकड्याचा कोपरा तिथे मोकळा बसतो.

एका क्लिकमध्ये सगळ्या कडांना फिलेट देण्याची सवयही इथेच नडते. बाहेरच्या वरच्या कडेला साधा चॅम्फर (तिरका काप) एका फेरीत होतो. तिथे फिलेट दिला की त्याच्या मापाचं खास टूल शोधा, नाहीतर बॉल नोजनं (गोल टोकाच्या टूलनं) बारीक बारीक फेऱ्या मारत बसा.

"आटे मॉडेलमध्येच काढा"

नका काढू. फाइल जड होते आणि तो पेच टूलपाथसाठी सहसा कोणी वापरत नाही. टॅप (आटे पाडायचं टूल) आपल्या पिचनंच, म्हणजे दोन आट्यांमधल्या ठरलेल्या अंतरानंच, आटे पाडतो. "एम६ × १, आटे १२ मिमी, ड्रिल १६ मिमी खोल" एवढं लिहा. ५ मिमीचा ड्रिल आम्ही लावतो. आरपार नसलेल्या भोकात टॅपच्या निमुळत्या टोकाला खाली जागा लागते, म्हणून ते जादा ४ मिमी.

"सगळ्या मापांना ±०.०१"

१०० मिमीचा अॅल्युमिनियमचा पार्ट १० अंशांनी तापला की सुमारे ०.०२३ मिमी वाढतो. म्हणजे ±०.०१ चा अख्खा पट्टा नुसत्या तापमानात संपला. मापं २० अंश सेल्सियसची धरतात ती यासाठीच. शिवाय ०.०२ लघुतम मापाच्या व्हर्नियरनं हे तपासताही येत नाही. मायक्रोमीटर, बोअर गेज किंवा सीएमएम (मापं घेणारं यंत्र) लागतं, आणि तो वेळ प्रत्येक मापाला लागतो, बिनकामाच्या चॅम्फरलासुद्धा.

एका फाइलमध्ये झाडून सगळ्या मापांना ±०.०१ होतं. फोन करून विचारलं, यात काय बसतं? दोन बेअरिंग, एवढंच. त्या दोन बोअरमधलं अंतर मात्र कुठेच दिलेलं नव्हतं.