सात वर्षांनी पोरगी ‘कायद्यानं मेली’? कोणी सांगितलं?

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: मुलगी हरवली तर 24 तास तक्रार घेत नाहीत, सोळा पूर्ण असतील तर ती मर्जीनं गेली, गुन्हा होत नाही, आणि सात वर्षं उलटली की ती कायद्यानं मेली, फाइल बंद. आर्णी तालुक्यातल्या माझ्या मावशीकडेही तो पोचला. तिची पंधरा वर्षांची पोरगी 2016 मध्ये कापूस वेचणीच्या दिवसांत गेली, अजून पत्ता नाही. मावशी फोनवर म्हणाली, “मंग आता ठाण्यात जाऊन काई फायदा नाही का रे बापू?” हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी तिला उत्तर द्यावं.

सात वर्षांचा नियम आहे, एवढं खरं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 108. नव्या कायद्यातही तो आहे. पण तो लागतो वारसा, विमा, पेन्शन असा प्रश्न न्यायालयात आला तर. तारीख उलटली म्हणून आपोआप कोणी मरत नाही, आणि पोलीस तपासाशी या नियमाचा काडीचा संबंध नाही! अपहरणाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला कायद्यानं मुदतीचं बंधन नाही. पोलीस ‘अ समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. हे होतं, नाकारत नाही. पण प्रकरण बंद करण्याआधी न्यायालयानं फिर्यादीचं ऐकायला हवं, आणि नंतरही धागा सापडला तर पुढचा तपास करता येतो. ज्या आईनं आशा धरून ठेवली, तिला ‘फाइल बंद’ सांगणं हा निव्वळ निर्दयपणा आहे.

24 तासांची अट कुठल्याच कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयानं 10 मे 2013 रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं: मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवा, अपहरण किंवा तस्करी झाली असं धरूनच तपास सुरू करा. आणि मूल म्हणजे अठराच्या आतलं, सोळाच्या नव्हे. काही पोरी आपणहून जातात, बरं. पण ते तपासातून ठरेल, पारावर नाही.

त्याच निकालात आहे, चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे द्यावं. मावशी, आपलं प्रकरण तिकडे गेलं का, कोणत्या तारखेला गेलं, हे ठाण्यात लेखी विचार. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे. देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं यवतमाळला एसपी ऑफिसला पाठव.