ब्रिटनमध्ये नर्सला कुटुंब नेता येतं का? खुलासा

‘ब्रिटननं परदेशी नर्सना नवरा-मुलं आणायला बंदी केली,’ असा मेसेज नर्सिंगच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. तो वाचून मुली आलेली नोकरी सोडून देतायत, म्हणून हे सविस्तर.

११ मार्च २०२४ पासून बंदी आली ती केअर वर्कर (म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारे, म्हणजेच केअरगिव्हर) आणि सीनियर केअर वर्करना. नोंदणीकृत नर्स त्यात नाहीत. ‘हेल्थ अँड केअर वर्कर’ हा व्हिसा दोघींचा एकच, गोंधळ तिथूनच झालाय. नर्सला आजही जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुलं नेता येतात. जोडीदाराला तिथं नोकरी करता येते आणि आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) घरातल्या कुणालाच भरावा लागत नाही. आई-वडील, सासू-सासरे मात्र या व्हिसावर येऊ शकत नाहीत; कुणी ‘त्यांनाही नेता येतं’ असं सांगत असेल तर ती थाप आहे.

सगळ्यात जपायचं ते पुढं. ‘आधी केअरगिव्हर म्हणून जा, घरच्यांना मागून बोलवू,’ असं सांगून एजंट लाखो रुपये मागतात. २२ जुलै २०२५ पासून त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद आहे. नोकरी देणाऱ्याकडून मिळणाऱ्या स्पॉन्सरशिपच्या कागदावर कामाचा चार आकडी कोड असतो, तो स्वतः वाचा. ६१३५ किंवा ६१३६ असेल तर ती नर्सची नोकरी नव्हे. शिवाय भरतीसाठी उमेदवाराकडून फी घेणं ब्रिटनच्या आचारसंहितेत बसत नाही. पैसे मागितले की तिथंच थांबा.