‘नाइट’ म्हणजे रात्रीचा पहारेकरी नव्हे

इंग्लंडमधल्या ‘नाइट’ या पदवीबद्दल एक मेसेज फिरतोय: हे सरदार रात्री किल्ल्यावर पहारा द्यायचे, म्हणून ते ‘नाइट’. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. माहिती चुकीची आहे, त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

नंतर शब्दकोशात व्युत्पत्ती पाहिली. पदवीच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘के’ आहे, रात्रीच्या नाही. हजार वर्षांपूर्वी तो ‘क’ स्पष्ट उच्चारत, साधारण ‘क्निख्ट’ असा. अर्थ होता मुलगा, तरुण पोरगा. ‘क्निख्टहाड’ म्हणजे पोरवय! पुढे हाताखालचा पोऱ्या, मग धन्याचा शिपाई, मग घोडेस्वार योद्धा, असा तो शब्द मानाने चढत गेला. जर्मनमधला त्याचा भाऊ ‘क्नेख्ट’ मात्र गडीमाणूसच राहिला. रात्रीच्या ‘नाइट’चं घराणंच वेगळं, आपण ‘नक्त’ उपवास म्हणतो, त्या संस्कृत ‘नक्त’चा तो नातलग. १७व्या शतकाच्या आसपास ‘क’चा उच्चार गळाला आणि दोन्ही शब्द कानाला सारखे झाले.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासाही टाका, विशेषतः मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर.