महिन्याला तीन हजार उरतात, तर आधी कुणाचे भरायचे?

क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा आकडा, बिघडला की इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एकच सल्ला मिळतो: "सगळी थकबाकी भरून मोकळे व्हा." अहो, सगळी भरायला पैसे असते तर थकली असती कशाला? प्रश्न त्या घराचा आहे जिथे भाडं, किराणा, मुलांची फी जाऊन महिनाअखेर तीनेक हजार उरतात आणि मागणारे तिघं असतात. माझं मत असं की अशा घरात किती भरता यापेक्षा कुठल्या क्रमाने भरता याला जास्त महत्त्व आहे. आणि बहुतेक घरांत हा क्रम ठरवतो कोण, तर जो वसुलीवाला फोनवर सगळ्यात मोठ्याने ओरडतो तो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सराफ्यातल्या सावकाराकडे गहाण ठेवलेल्या पाटल्या वेळेवर सोडवल्या, बीसीचा (भिशीचा) एकही हप्ता चुकवला नाही, वाण्याची उधारी दर एक तारखेला चुकती केली, तरी स्कोअरला त्याचा पत्ताच नसतो. बँका आणि फायनान्स कंपन्या सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवून रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्यांना जे कळवतात, तेवढंच तिथे दिसतं. तेच सोनं बँकेत ठेवून कर्ज घेतलं तर नोंद होते, चांगलीही आणि वाईटही. पतसंस्थेचं कर्ज सहसा दिसत नाही. नागरी सहकारी बँकेचं दिसतं, आणि तिथे जामीन राहिलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्येही दिसतं. साडूच्या कर्जावर सही करून विसरून गेलेल्यांनी आपला रिपोर्ट एकदा जरूर उघडावा.

रिपोर्ट फुकट मिळतो. चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे, म्हणजे दर तीन महिन्यांनी एकेकीचा काढला तर वर्षभर लक्ष राहतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. घटतो तो पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्याने. रिपोर्टमध्ये स्कोअरचा मोठा आकडा सोडा आणि प्रत्येक खात्याखालचा डीपीडीचा तक्ता बघा. हप्ता किती दिवस थकला होता ते तिथे महिन्यावार असतं, मागच्या ३६ महिन्यांचं.

आता एक घर धरू. नवरा सियागंजात दुकानावर, बायको डबे करते, दोघांचे मिळून २४,००० रुपये. जेल रोडवरून हप्त्यावर घेतलेला मोबाइल, हप्ता १,८५०, दोन हप्ते थकलेले. क्रेडिट कार्डाची मर्यादा ३०,०००, त्यावर २७,००० बाकी, किमान रक्कम कशीबशी भरली जाते. आणि चार वर्षांपूर्वीचं वैयक्तिक कर्ज, १८,००० बाकी, कंपनीने ते 'रिटन ऑफ', म्हणजे वसुलीची आशा सोडून हिशेबातून काढलेलं, दाखवलेलं. चालू हप्ता आणि कार्डाची किमान रक्कम खर्चात धरूनच तीन हजार उरतात असं समजा.

पहिला नंबर मोबाइलचा. रक्कम सगळ्यात छोटी आहे म्हणून नव्हे, ते खातं अजून वाचवता येतं म्हणून. ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं, होतं, आणि मग एखादा हप्ता भरून ते परत नियमित होत नाही, थकलेली सगळी रक्कम भरावी लागते. इथे एक फसगत जवळजवळ प्रत्येक घरात होते. माणूस म्हणतो, "मी तर दर महिन्याला किस्त भरतोय, तरी थकीत का दाखवतात?" कारण भरलेले पैसे सगळ्यात जुन्या हप्त्यात जमा होतात. दोन हप्ते मागे असताना महिन्याला एकच भरत राहिलात तर तुम्ही कायम दोन हप्ते मागेच राहता आणि तक्त्यात दर महिन्याला पन्नास-साठ दिवसांचा डाग पडत राहतो. चालू हप्ता अधिक एक जादा, असं दोन महिने केलं की खातं शून्यावर येतं. उरलेल्या तीन हजारांतून १,८५० यासाठी, बाकीचे बाउन्स आणि दंडाच्या रकमेला. आणि हप्त्याची तारीख ५ आणि पगार १० तारखेला असेल तर कंपनीला लेखी अर्ज देऊन तारीख बदलून मागा. नाही दिली तर हप्त्याची रक्कम आदल्या महिन्यातच वेगळ्या बचत खात्यात टाकून ठेवा. ऑटो डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, पैशांअभावी परत गेलं की फायनान्स कंपनीही दंड लावते आणि बँकही.

दुसरा नंबर कार्डाचा. किमान रक्कम भरल्याने खातं थकीत होत नाही, एवढाच तिचा उपयोग. हिशेब करून पाहा: २७,००० वर महिना साडेतीन टक्के व्याज ९४५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १७०. किमान रक्कम ५ टक्के धरली तर १,३५०. म्हणजे मुद्दल फिटलं फक्त २३५ रुपयांचं. वर महिन्याभरात दोन हजारांचा किराणा त्याच कार्डावर, आणि बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत. कार्ड वापरणं बंद करा, पण खातं लगेच बंद करू नका. बँकेला सांगून बाकी रक्कम हप्त्यांत बदलून घ्या, त्यावरचं व्याज बरंच कमी असतं. लक्ष्य ९,००० च्या खाली, म्हणजे मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत. यात एक चांगलं आहे: हप्ता चुकल्याचा डाग वर्षानुवर्षं दिसतो, पण कार्ड काठोकाठ भरल्याचा परिणाम बाकी उतरली की लवकर ओसरतो. पैसे स्टेटमेंट निघायच्या दोन-तीन दिवस आधी भरा, म्हणजे स्टेटमेंटवरच बाकी कमी येते.

चार वर्षांचं जुनं कर्ज शेवटी. फोन मात्र त्यांचेच सगळ्यात जास्त येतात. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळात करता येतात, एवढं त्यांना शांतपणे सांगा. "आठ हजारात मिटवून टाकू" म्हणाले तर समजून घ्या की रिपोर्टवर 'सेटल्ड' (कमी रकमेत मिटवलं) असं येईल, 'क्लोज्ड' (पूर्ण फिटलं) नाही. पुढच्या काही वर्षांत घराचं कर्ज काढायचं असेल तर मी सेटलमेंट करणार नाही, थोडं थांबून पूर्ण भरीन. तसा काही बेत नसेल आणि घरात दुसरी ओढाताण असेल तर सेटलमेंटमध्ये लाज वाटण्यासारखं काही नाही. दोन्ही बाबतींत आधी पत्र, मग पैसे. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, कर्ज क्रमांक, रक्कम, तारीख आणि रिपोर्टला काय कळवणार ते लिहिलेलं. पैसे कर्जखात्यातच, एजंटच्या यूपीआयवर कधीही नाही. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलेलं असेल तर रिपोर्टवर आता कुणाचं नाव आहे ते पाहून त्यांच्याशीच बोला.

चुकीची नोंद असेल, फेडलेलं कर्ज उघडं दिसत असेल किंवा दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर आलं असेल, तर तक्रार ऑनलाइन आणि फुकट करता येते. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे रिपोर्ट अनेकदा अर्धवट असतात, अर्धी खाती माहेरच्या नावावर. पॅन, आधार आणि बँक तिन्हीकडे नाव एकसारखं करून घ्या.

दोन-पाच हजारांत स्कोअर ७५० करून देणाऱ्यांच्या जाहिराती आल्या की पुढे जा. ते खऱ्या नोंदीवर खोटी तक्रार टाकतात, महिनाभराने नोंद जशीच्या तशी राहते आणि तुमचे पॅन-आधार त्यांच्याकडे.

थकबाकी शून्य झाल्यावरच नवं काही घ्या. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दहा-पंधरा हजारांच्या एफडीवर मिळणारं कार्ड. त्याची मर्यादा बहुधा एफडीच्या ८०-९० टक्के असते. त्यावर फक्त वीजबिल आणि गॅस सिलिंडर, आणि पूर्ण रक्कम दर महिन्याला. आणखी एक कर्ज 'स्कोअर वाढवायला' म्हणून काढू नका. बायकोला गटाचं मायक्रोफायनान्स कर्ज सुचवलं जाईल. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी ते असतं, आणि घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असा नियम आहे. वरच्या घराला ती रेषा १२,००० वर येते. अर्ज भरताना मोबाइलचा हप्ताही त्यात धरायला सांगा.