तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नका

आमच्याकडच्या गावागावांत व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय: ‘बोटाचं टोक तुटलं तर तुकडा लगेच बर्फात टाका. जखमेवर हळद-चुना दाबा. २४ तासांत कधीही जोडता येतं. तुकडा सापडला नाही तर बोट गेलंच.’ जळगाव जिल्ह्यात अपघात विभागात परिचारिका आहे, म्हणून लिहिते.

आधी बर्फ. कडबा कुट्टीत बोट गेलेल्या एका शेतकऱ्याच्या भावाने मोठ्या आशेने थर्मास पुढे केला. ‘बोट बर्फमाच शे, ताई.’ आत बर्फाला चिकटलेलं टोक पांढरंफटक, लाकडासारखं कडक. पेशींतलं पाणी गोठलं की पेशी फुटतात. मग शिरा जोडल्या तरी त्यात रक्त खेळत नाही. तुकडा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या, पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकड्याला बर्फ लागता कामा नये.

हळद-चुना तर नकोच. चुना भाजतो, आणि तो खरवडताना चांगली कातडीही जाते. स्वच्छ कापड दाबून हात वर धरा, बोटात अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा.

२४ तासांचं अर्धंच खरं आहे. बोटात स्नायू नसतात, म्हणून नीट थंड ठेवलेला तुकडा एवढा टिकू शकतो. उन्हात खिशात ठेवलेला नाही, आणि आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. शिवाय टोकाजवळच्या शिरा मिलिमीटरभरही जाड नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने शिवाव्या लागतात. ही सोय तालुक्याला मिळत नाही. निघण्याआधी फोन करून विचारा. पात्याने साफ कापलेलं जोडायला बरं, पट्ट्यात चिरडलेलं अवघड.

‘तुकडा नाही तर बोट गेलंच’ हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्यापायी माणसं दवाखान्यातच येत नाहीत. हाड उघडं नसेल आणि जखम सेंटिमीटरभराची असेल, तर नुसत्या ड्रेसिंगवर ती काही आठवड्यांत भरते; लहान मुलांची तर फारच छान. हाड दिसत असेल तर व्ही-वाय फ्लॅप करता येतो: त्याच बोटाची कातडी व्ही आकारात कापून, तिच्या शिरा न तोडता पुढे सरकवतात आणि मागची जागा वाय आकारात शिवतात. कधी शेजारच्या बोटाच्या पाठीवरची कातडी वळवून घेतात. मग दोन-तीन आठवडे दोन्ही बोटं एकमेकांना शिवलेली राहतात.

त्या शेतकऱ्याचं टोक जोडता आलं नाही. व्ही-वाय केली. कापूस वेचणीच्या दिवसांत तो दाखवायला आला, तेव्हा बोट जरा आखूड होतं, पण बोंडाचं टोक त्याच बोटाला टोचतं म्हणून तक्रार करत होता.