डोंगल सीडी म्हणून दिसतंय?

लिनक्सवर इंटरनेटचं यूएसबी डोंगल मोडेमऐवजी सीडी म्हणून दिसलं तर नुसतं 'इजेक्ट' करा, असं एका लेखात म्हटलंय. काही मॉडेलांवर ते चालतं, पण दर वेळी हातानं करत बसावं लागतं. त्यापेक्षा 'यूएसबी-मोडस्विच' टाका, हा प्रोग्राम डोंगलला सीडीच्या मोडमधून मोडेमच्या मोडमध्ये नेतो. आधी टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' (lsusb) ही कमांड चालवा, ती जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवते. ह्युवावेच्या बऱ्याच जुन्या डोंगलांचा क्रमांक १२डी१:१४४६ दिसतो, म्हणजे ते अजून सीडीच आहे. मोड बदलला की कोलनपुढचा आकडा बदलतो आणि 'टीटीवाय-यूएसबी-शून्य' (ttyUSB0) हा मोडेमचा पोर्ट उगवतो. मग नेटवर्क मॅनेजरमध्ये (लिनक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) एपीएन, म्हणजे मोबाईल कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं नाव, भरा, बीएसएनएलला 'बीएसएनएलनेट'. 'डब्ल्यूव्हीडायल' (wvdial, टर्मिनलमधून डायल करणारा प्रोग्राम) वापरणार असाल तर आधी मोडेममॅनेजर ही मागे चालणारी सेवा बंद करा, नाहीतर पोर्ट 'बिझी' येतो. कनेक्शन सारखं तुटत असेल तर बिनपॉवरचा (वेगळा वीजपुरवठा नसलेला) यूएसबी हब काढून डोंगल थेट लावा, यूएसबी २.० पोर्टचे ५०० मिलीअँपिअर वाटून घेतले की डोंगलला कमी पडतात.