विषय टाळल्यानेच आमची मैत्री आटली

'मित्रांमध्ये राजकारणाचा विषयच काढू नये' हा एका लेखात वाचलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. आम्ही तेच करून बसलो होतो. लालबागला एकाच चाळीत वाढलेलो आम्ही दोघं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा तो एका बाजूला, मी दुसऱ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण चिन्ह शिंदे गटाला दिले, त्या रात्री जिन्यातच कडाक्याचं भांडण झालं. मग ठरवलं, हा विषय बंद. पण गिरणगावात राजकारण वेगळं कुठे असतं? शाखा, गणपतीची वर्गणी, चाळीचा पुनर्विकास, सगळं त्यातच गुंतलेलं. एक विषय बंद केला आणि बोलायला काही उरलंच नाही.

गेल्या वर्षी आई केईएम रुग्णालयात होती. रात्री अकराला तो डबा घेऊन आला, पहाटेपर्यंत बाकावर माझ्याशेजारी बसून राहिला. तिथेच मी विचारलं, "तुला खरंच पटतं का रे ते सगळं?" तासभर बोलला. मला त्यातलं फारसं पटलं नाही, पण पहिल्यांदाच मी त्याला मध्ये तोडलं नाही. आता दर रविवारी भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर चहा घेताना आम्ही कडकडून वाद घालतो.